कळ कधी दाबली जाते?

पोळ्या करणाऱ्या बाईंचे हात कधी निरखून पाहिले आहेत? तव्यावर एक पोळी भाजत असते, तोवर पोळपाटावर दुसरी लाटून होते. समजा, लाटण्याचा वेळ निम्मा करणारे यंत्र आले. पण त्यापायी एक पोळी उतरवून दुसरी टाकण्याच्या मधे दर वेळी एक खटका दाबावा लागू लागला. लाटण्यात वाचलेला वेळ भाजण्यातच विरून जाईल आणि खटक्याचा वेळ मात्र प्रत्येक पोळीमागे वाढेल. यंत्र चांगले, तरी स्वयंपाक लांबला!

संगणकाचा पडदा रचणारे नेमके इथे फसतात. ते कळा मोजतात, काम पाहत नाहीत.

काम पाहायचे कसे, याची रीत स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात मांडली. तिचे नाव 'गॉम्स'. माणसाचे ध्येय काय, त्यासाठी त्याच्या हाताशी कोणत्या क्रिया आहेत, त्या कोणत्या पद्धतींत गुंफल्या जातात आणि अनेक पद्धतींतून तो एक कशी निवडतो, हे चार प्रश्न ती विचारते. त्याआधी १९८०मध्ये त्यांनी साध्या क्रियांचे सरासरी वेळही दिले होते. सराईत हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतो, माउसने जागा दाखवायला १.१ आणि मनाची तयारी व्हायला १.३५. म्हणजे बोटांपेक्षा विचारालाच जास्त वेळ लागतो.

या रीतीची खरी कसोटी अमेरिकेत 'नायनेक्स' या टेलिफोन कंपनीत लागली. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेल्या वाचकांना ऑपरेटरचे काम सांगायला नको. नायनेक्सच्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रणा घ्यायचे घाटत होते. तिचा पडदा चित्रमय होता, ती वेगवान होती आणि काही कळाही तिने वाचवल्या होत्या. प्रत्येक कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला, तर कंपनीचे वर्षाला सुमारे तीस लाख डॉलर वाचणार होते.

वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल अ‍ॅटवुड यांनी जुन्या यंत्रावरच्या कॉलांची चित्रफीत पाहून ऑपरेटरचे कान, डोळे, बोलणे आणि बोटे कधी काय करतात, याचे तक्ते मांडले. नव्या यंत्राचे तक्ते त्याच्या तांत्रिक वर्णनावरून बनवले. निघालेले भाकीत अनपेक्षित होते : नवे यंत्र जुन्यापेक्षा हळू ठरेल.

कारण पोळीसारखेच होते. वाचलेल्या कळा कॉलच्या सुरुवातीच्या होत्या. त्या जुन्या यंत्रावर बोलणे चालू असतानाच दाबल्या जात, म्हणून त्यांचा वेगळा वेळ लागतच नव्हता. उलट शेवटाकडे, जिथे सारे एका कळेसाठी खोळंबते, तिथे नव्या यंत्राने एक कळ वाढवली होती.

चार महिने प्रत्यक्ष चाचणी झाली, सत्तर हजारांहून अधिक कॉल मोजले गेले आणि भाकीत खरे ठरले. १९९३मध्ये ते प्रसिद्ध झाले. हे यंत्र घेतले असते, तर वर्षाला जवळजवळ वीस लाख डॉलरचा भुर्दंड पडला असता.

मला यात पैशांहून मोठी गोष्ट दिसते. नुसती चाचणी झाली असती, तर 'ऑपरेटरांना सवय नाही' असे म्हणून दोष माणसांवर ढकलता आला असता. पण पहिल्या महिन्यानंतर ऑपरेटरांचा वेग स्थिरावला होता, आणि उशीर नेमका कुठे होतो हे तक्त्यांनी आधीच दाखवले होते. दोष हातांचा नव्हता, रचनेचा होता.

या रीतीला मर्यादा आहेत. ती सराईत, न चुकणाऱ्या माणसाचे काम मोजते. पहिल्यांदाच पडद्यासमोर उभ्या राहिलेल्या आजोबांचा गोंधळ तिच्या हिशेबात येत नाही. त्यांच्यासाठी शेजारी उभे राहून पाहावे लागते.

मध्यंतरी एका कार्यालयाच्या खिडकीवर मी रांगेत होतो. आतल्या बाई प्रत्येक माणसामागे तीच माहिती दोन पडद्यांवर भरत होत्या आणि रांग त्यांच्यावर करवादत होती. मीही चडफडत होतोच. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेले, आणि मी गप्प झालो.