महासंघ आणि साधा सभासद



आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात संघाच्या वर्गणीची पावती असते. आपला संघ कुठल्याशा मोठ्या महासंघाला जोडलेला आहे, हेही ऐकून माहीत असते. पण "त्या महासंघात तुमचे काम काय?" असे कुणी विचारले, तर उत्तर ठरलेले: "ते पुढारी बघतात. मोर्चा निघाला की आपण जायचं!" हे उत्तर पुरेसे का नाही, ते आज पाहू.

बाजारातल्या पोत्याचेच उदाहरण घ्या. पोते भरले जाते एका गावी आणि उतरते दुसऱ्या गावच्या बाजारात. ते १०० किलोचे असले, तर उतरवणाऱ्या हमालाने तक्रार करायची कुणाकडे? पोते भरणारा व्यापारी त्याच्या बाजाराच्या हद्दीतच नाही. हमालीचा दर वाढवून मागावा, तर ऐकायला मिळते, "शेजारच्या तालुक्यात स्वस्तात काम होतं, माल तिकडे नेतो." पाठ आपली, पण निर्णय दुसरीकडे! एका गावच्या संघाला हा प्रश्न सुटणार नाही. म्हणूनच पुण्याची हमाल पंचायत आणि गावोगावच्या तशाच संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य हमाल मापाडी महामंडळात एकत्र आल्या.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोंहून अधिक असू नये. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला. त्यातून जी मंडळे निर्माण झाली, त्यांत मालकांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींची संख्या समान ठेवली गेली. पण तिथे बसलेल्या आपल्या प्रतिनिधीने बोलायचे कशाच्या आधारावर? त्याला खरी माहिती तुम्हीच पुरवली पाहिजे. इथेच साध्या सभासदाचे काम सुरू होते.

पहिले काम वर्गणीचे. महासंघाला संघाकडून मिळणारा वाटा बहुधा सभासदसंख्येवर ठरतो, आणि परिषदेत किती प्रतिनिधी पाठवायचे तेही पुष्कळदा त्याच आकड्यावर. वर्गणी थकली, की आपल्या बाजाराचा आवाज तेवढा बारीक होतो. आणि वर्गणी दिली म्हणजे हिशेब विचारायला संकोच नको. संघाच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदाला १९२६ च्या कायद्याने दिला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे.

दुसरे काम टिपणाचे. "फार त्रास होतो" एवढ्याने भागत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या गाळ्यावर, किती किलोचे पोते होते, कुणाला दुखापत झाली, मजुरी किती मिळाली, हे वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलीला सांगा. दहा बाजारांतल्या अशा दहा वह्या एकत्र आल्या, की त्यातून महासंघाचे निवेदन तयार होते.

तिसरे काम ठरावाचे. आपल्या शाखेच्या सभेत मागणी मांडा, अनुमोदक मिळवा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. मग तो संघाच्या कार्यकारिणीकडून महासंघाच्या परिषदेपुढे पाठवायला सांगा. पुढच्या सभेत आठवणीने विचारा, "आमच्या ठरावाचं काय झालं?"

चौथे काम प्रतिनिधी होण्याचे. आपल्याला भाषण येत नाही म्हणून मागे राहू नका. प्रतिनिधीने जाताना सभासदांचे म्हणणे न्यावे, येताना निर्णय आणावा आणि तो सर्वांना समजावून सांगावा. शिकण्याचीही सोय आहे. १९५८ साली स्थापन झालेले कामगार शिक्षण मंडळ कामगारांसाठी वर्ग चालवीत आले आहे. संघामार्फत त्यांची चौकशी करा.

आणि शेवटचे, सोबतीचे काम. दुसऱ्या बाजारातले हमाल दरासाठी काम थांबवतात, तेव्हा तिथून वळवलेला माल आपल्या बाजारात आला तर काय करायचे? ते आधीच महासंघात बसून ठरवा. आज त्यांची पाठ राखली, तर उद्या आपली राखली जाईल.

१८९० सालच्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे १०,००० कामगार जमले होते, आणि दोन कामगार स्त्रियांनी तिथे उभे राहून भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्या दोघींनी, "ते पुढारी बघतील," असे म्हटले नाही.

तेव्हा पुढच्या सभेला रिकाम्या हाताने जाऊ नका. एक तक्रार तारखेनिशी लिहून न्या, आणि ती वाचून दाखवल्याशिवाय घरी परतू नका.