माळ कोणाचा, मोजणी कोणाची?

सोलापूर जिल्हा बाहेरच्या जगाला दोन गोष्टींनी ठाऊक आहे. एक चादर आणि दुसरा माळढोक. चादर विणणारे हात कोणाचे, हे निदान सोलापूरकरांना तरी माहीत आहे. माळढोक ज्या माळावर जगला, त्या माळावर आणखी कोण जगत होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न आम्ही आज विचारणार आहोत.

1979 साली शासनाने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र किती? 8,496 चौरस किलोमीटर! गावे, बाजारपेठा, विहिरी, बागायती, सगळे एका रेषेत आले. जमिनीच्या व्यवहारांना, बांधकामांना अडथळे येऊ लागले. ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांनी ओरड केली, आणि ती रास्तच होती. 2012 च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण ज्याच्याकडे सातबाराच नाही, ज्याच्या चार शेळ्या त्या माळावर जगत होत्या, त्याची तक्रार कोणत्या दप्तरात नोंदली गेली? कोणत्याच नाही.

बरे, एवढे करून पक्षी तरी वाचला काय? बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळावर आता एखाददुसरा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. नकाशावर अभयारण्य मोठे होते, तरी माळ आजारी पडत गेला. आणि माळ आजारी पडला, की पक्षी, शेळी आणि माणूस तिघेही उघडे पडतात.

माळ आजारी पडतो म्हणजे काय होते, ते आधी समजून घेतले पाहिजे. सोलापूरकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुरमाड, उथळ जमीन. अशा जमिनीवर दाट जंगल उभे राहत नाही, तेथे निसर्गत: गवत वाढते. पवन्या, मारवेल, डोंगरी ही बारमाही गवते. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात, आणि जनावराला चाराही देतात. गवताला बी धरण्याआधीच ते दरवर्षी खाल्ले गेले, तर हळूहळू नाहीसे होते. मग कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. पुढे तीही विरळ होते, उघडा मुरूम दिसू लागतो, आणि त्यावर गाजर गवत व वेडी बाभूळ ठाण मांडते. हा आजार एका दिवसात येत नाही आणि एका दिवसात जातही नाही.

आता सरकारी इलाज पाहा. इंग्रजांच्या महसुली दप्तराने ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'पडीक' ठरवली. स्वातंत्र्यानंतर आपल्या साहेबांनी तेच दप्तर पुढे चालवले. झाड नाही म्हणजे उजाड, असे समजून माळावर ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडे लावली गेली. माळढोकाला चहूकडे लांबवर दिसेल अशी मोकळी जागा लागते. झाडांच्या रांगांत तो राहील कसा? ज्या जमिनीला शतकानुशतके माणसांनी 'माळ' म्हणून ओळखले, तिला 'पडीक' म्हणणाऱ्यांना त्या जमिनीवरची माणसेही पडीकच वाटतात. हा आमचा जुना अनुभव आहे.

कारण या माळाचा आणि आमचा संबंध पोटाचा आहे. भूमिहीन दलित, पारधी, मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, यांना गायरान हीच काय ती जमीन. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या वाटेवर पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे त्यात ठरले. ज्यांच्याकडे गाव नमुना 1-ई मधील नोंद होती, दंडाची पावती होती, त्यांना आपला दावा मांडता आला. गंमत पाहा! सरकारने ज्या कागदावर त्याला गुन्हेगार ठरवले, तोच कागद त्याच्या हक्काचा पुरावा झाला.

त्यानंतर वारे फिरले. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, पण तहसील कचेरीत तो कोणी वाचून दाखवत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेर गायराने मोकळी करण्यास सांगितले, तेव्हा झोपड्यांवर नोटिसा डकवल्या गेल्या. त्या वेळी समोर आलेली सरकारचीच आकडेवारी अशी होती: राज्यात गायरान सुमारे 4 लाख 52 हजार हेक्टर, त्यांपैकी अतिक्रमित सुमारे 10 हजार हेक्टर. म्हणजे शंभरात सव्वादोन. मग उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णवांवर गवत का नाही? तेथे तर गरिबाची झोपडी नव्हती! माळ अतिक्रमणाने मेला असे सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आणखी एक दुखणे आपल्याच घरातले आहे, ते झाकून चालणार नाही. गायरान नांगरून पोट भरणारा दलित आणि त्याच गायरानावर मेंढ्या चारणारा धनगर, यांची गावोगाव भांडणे लावली जातात. दोघेही नाडलेले, आणि तमाशा पाहणारा बांधावर उभा. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जी जमीन भूमिहीनाने घाम गाळून पिकवली, ती त्याच्या नावे झालीच पाहिजे. पण जो माळ अजून माळ आहे, तो नांगराखाली घालण्यापेक्षा चाऱ्यासाठी राखण्यात दोघांचेही हित आहे. चार शेळ्यांचे दूध आणि वर्षाला विकलेली दोन बोकडे हा भूमिहीन बाईचा बँकेतला पैसा आहे. माळ मेला की तो बुडतो.

या राखण्यालाच हल्ली 'लोकसहभाग' म्हणतात. शब्द गोड आहे. पण पाणलोटाच्या कामांत आपण काय पाहिले? डोंगरावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. ज्याची विहीर खाली होती तिला पाणी आले. ज्याच्या शेळ्या वर चरत होत्या त्याला त्या विकाव्या लागल्या. समितीत जमीनवाले बसले, आणि त्याग करायला भूमिहीन उभा केला. बंदीचा चटका कोणाला आणि पाण्याचा लाभ कोणाला, हे ठरवताना ज्याला विचारले जात नाही त्याचा तो सहभाग कसला? ती वेठच!

वेगळा मार्गही आहे. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाज 'संवेदना' या संस्थेच्या साथीने गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी ठेवण्याचे काम करत आला आहे. ज्या जमातीला इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले, जिच्यावरचा तो शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला कायद्याने पुसला गेला पण पोलिसांच्या मनातून अजून पुसला नाही, त्या जमातीला गवताची आणि पाखराची नस कळते. सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास ज्या जिल्ह्याला आहे, त्याने तरी हे शिकायला नको काय?

आता कामाचे बोलू. माळाची प्रकृती तपासायला परदेशी यंत्र लागत नाही. ठरलेल्या दगडापासून सरळ शंभर पावले चाला. प्रत्येक पावलाला चपलेच्या टोकाखाली काय आले ते वहीत लिहा: बारमाही गवत, हंगामी गवत, तण की उघडी जमीन. शंभरातले आकडे हीच टक्केवारी. एक चौरस मीटरची चौकट टाकून त्यातले गवत कापा, वाळवा, वजन करा. त्याच दगडावरून मोबाईलवर फोटो घ्या. हे वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात. तीन वर्षांत माळ सुधारतो की बिघडतो ते शेंबडे पोरही सांगेल. सुधारायचा असेल तर माळाचे चार भाग करा. दरवर्षी एका भागाला बी गळेपर्यंत विसावा द्या, बाकी तीन चराईला खुले ठेवा. सरसकट बंदीची गरज नाही. आणि विसाव्याच्या भागातले गवत कापून वाटताना पहिला भारा भूमिहीनाच्या दारात पडला पाहिजे.

या नोंदींना कायद्याचा आधारही आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. 2004 च्या नियमांनी त्या समितीत महिलांना किमान एक तृतीयांश, तर अनुसूचित जाती-जमातींना किमान 18 टक्के जागा सांगितल्या. माळ वनखात्याचा असेल तर 2006 चा वनहक्क कायदा चराईचा हक्क मानतो. मात्र बिगरआदिवासींना तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो. पुन्हा कागदच!

घाई का, असे कोणी विचारील. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 साठी गावोगावची गायराने दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, आमचा विरोध नाही. पण जमीन 'पडीक' म्हणून दिली जाते तेव्हा, 'साहेब, ही पडीक नाही, हिच्यावर इतके गवत होते, इतकी जनावरे चरतात, ही पाहा तीन वर्षांची वही,' असे म्हणायला आपल्या हातात काय आहे? संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष माळराने आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले. परिषदा होतील, अहवाल निघतील. त्यांत आपला माळ येईल तो कोणाच्या नोंदीतून?

नान्नजला बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची गणना होते. काळवीट मोजा, लांडगा मोजा, जरूर मोजा. पण त्या माळावर जगणारी माणसे आणि त्यांची जनावरे त्याच वहीत आली पाहिजेत, आणि वही लिहिणारा हात त्यांचा असला पाहिजे.

ज्यांनी दंडाची पावती जपून जमीन मिळवली, त्यांना नोंदीचे मोल शिकवण्याची गरज नाही. वस्तीवरच्या कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी, शाळेतल्या मुलामुलींनी येत्या ऑक्टोबरात एक वही घ्यावी, धनगरवाड्यावरच्या भावालाही बोलवावे, आणि गायरानावर शंभर पावले चालावीत.