काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी समजून घेऊया

"मला काहीच होत नाही, मग मी कशाला तपासून घेऊ?" गर्भाशयमुखाच्या तपासणीचा विषय काढला की गव्हाण, उलवे, पनवेल भागातल्या बहुतेक बायकांकडून हेच उत्तर येते. उत्तर चुकीच्या समजुतीतून येते, पण ते समजण्यासारखे आहे. आजार म्हणजे दुखणे आणि दुखले की दवाखाना, अशीच आपल्याला सवय आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मात्र अनेक वर्षे अजिबात दुखत नाही. त्याला रोखण्याची सर्वात चांगली संधी याच न दुखणाऱ्या वर्षांत असते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण सापडल्या आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर याचाच क्रमांक लागतो.

गर्भाशयमुख म्हणजे काय आणि कॅन्सर कसा होतो?

गर्भपिशवीचा खालचा, योनीमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. बायका त्याला पिशवीचे तोंड म्हणतात. या तोंडावर दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना मिळतात. बाहेरच्या बाजूला त्वचेसारख्या चपट्या पेशींचे थर असतात आणि आतल्या बाजूला उंच, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशी असतात. या दोन्हींच्या सीमेवरचा पट्टा सतत बदलत असतो. बहुतेक कॅन्सर याच पट्ट्यात सुरू होतात.

जवळपास सर्व रुग्णांमध्ये याचे कारण एकच असते: ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझन यांनी १९८३-८४ च्या सुमारास गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि अतिशय सामान्य आहे. लग्न झालेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो. म्हणून एचपीव्ही सापडला याचा अर्थ बाईचे किंवा नवऱ्याचे पाऊल वाकडे पडले असा काढू नका. संसर्ग नेमका कधी झाला हे सांगता येत नाही. तो पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. थोड्या स्त्रियांमध्ये विषाणू टिकून राहतो आणि पेशी बदलू लागतात. या अवस्थेला आम्ही कॅन्सरपूर्व बदल म्हणतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीचा संसर्ग असेल, तर हा काळ कमी होतो. तंबाखू आणि मिश्रीमुळेही शरीराची विषाणूशी लढण्याची ताकद घटते.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत?

* शरीरसंबंधानंतर रक्त जाणे
* दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे
* पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, मग तो एकच डाग का असेना
* दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी अंगावरून जाणे
* ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखणे, पायाला सूज येणे

साधे पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असते. पण औषध घेऊनही ते थांबत नसेल तर केवळ गोळ्या बदलत राहू नका, आतून तपासणी करून घ्या. पाळी गेल्यावर रक्त दिसले की "पाळी परत आली" असे म्हणून सोडून देणाऱ्या अनेक आज्या असतात. त्यांना घरच्यांनी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावे.

तपासण्या कोणत्या?

*व्हीआयए:* गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगारसारखे द्रावण लावतात आणि मिनिटभराने उजेडात पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे कळतो आणि खर्च अगदी कमी येतो. मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो सीमेवरचा पट्टा आत सरकतो, त्यामुळे त्यांच्यात ही तपासणी तितकीशी उपयोगी पडत नाही.

*पॅप स्मिअर:* छोट्या ब्रशने पेशी घेऊन काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. चांगली प्रयोगशाळा आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट हवा. रिपोर्ट काही दिवसांनी मिळतो.

*एचपीव्ही चाचणी:* नमुन्यात धोकादायक प्रकारचा विषाणू आहे का, हे पाहतात. खर्च जास्त, पण सुटण्याची शक्यता सर्वात कमी. योग्य किट असेल तर बाई स्वतःच नमुना घेऊ शकते.

तिन्ही तपासण्यांत काही मिनिटेच लागतात. भूल लागत नाही. थोडे अवघडल्यासारखे वाटते, पण फारसे दुखत नाही. पाळी चालू असताना जाऊ नका आणि आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात औषध ठेवू नका. तपासणी स्त्री डॉक्टर किंवा नर्सने करावी असे वाटत असेल तर तसे मोकळेपणाने सांगा.

कोणती तपासणी जीव वाचवते? महाराष्ट्रानेच उत्तर शोधले

या प्रश्नावरचे जगात गाजलेले दोन मोठे अभ्यास आपल्या राज्यात झाले. त्यात भाग घेणाऱ्या स्त्रिया तुमच्या-आमच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या आणि चाळी-झोपडपट्टीत राहणाऱ्या होत्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत, लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. नुसत्या या माहितीनेही स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए झाली. प्रत्येकीची तपासणी एकदाच. चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. दोन गटांची तुलना पाहा:

* एचपीव्ही गट (३४,१२६ स्त्रिया): कॅन्सर १२७, त्यांपैकी दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले ३९, मृत्यू ३४.
* तपासणी न झालेला गट (३१,४८८ स्त्रिया): कॅन्सर ११८, त्यांपैकी दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले ८२, मृत्यू ६४.

हे आकडे नीट वाचा. कॅन्सरची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे, पण मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. कारण तपासणी झालेल्या गटात आजार लवकर, उपचाराला साथ देणाऱ्या टप्प्यावर सापडला. पॅप आणि व्हीआयए गटांत मात्र एकाच फेरीने मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांना पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर फारच क्वचित झाला. म्हणूनच ही चाचणी निगेटिव्ह असेल तर पुढची तपासणी काही वर्षांनी केली तरी चालते.

मग व्हीआयए निरुपयोगी आहे का? नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखालील या कामात डॉक्टर नव्हे, तर थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका व्हीआयए करत. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे व्हीआयए एकदा करून विसरायची नाही, ती ठरावीक काळाने पुन्हा करायची असते.

या दोन्ही अभ्यासांवर टीकाही झाली. तपासणी उपयोगी असते हे ठाऊक असताना एका गटाला ती का दिली नाही, असा प्रश्न विचारला गेला. त्या काळी गावांत तपासणीची सोयच नव्हती आणि कमी खर्चाची कोणती पद्धत आपल्याकडे चालेल याचा पुरावा हवा होता, अशी संशोधकांची बाजू होती. वाद बाजूला ठेवला तरी त्या ६४ मृत्यूंकडे डोळेझाक करता येत नाही. तपासणी न होण्याची किंमत काय असते हे त्यातून कळले. आता सोय असताना ती न वापरणे बरोबर नाही.

खारघरला काय चालते?

गव्हाणपासून जवळच, आपल्याच पनवेल तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. येथे उपचारही होतात आणि संशोधनही. लेसरचा प्रकाश पेशींवर टाकून परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगछटांवरून कॅन्सर ओळखता येईल का, यावर तेथे काम झाले आहे. यामागे सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम आहे. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर या पद्धतीचे प्रयोग झाले आहेत. तुकडा न काढता लगेच निदान व्हावे हा त्यामागचा हेतू. पण हे अजून संशोधन आहे, नेहमीची चाचणी नव्हे. त्याची वाट पाहत आजची तपासणी पुढे ढकलू नका.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. पुढचे पाऊल टाकायचे, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहतात. गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे.

कॅन्सरपूर्व बदल असतील तर तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या वळशाने काढून टाकतात. हे काम साधारणपणे त्याच दिवशी होते, बाई घरी जाते आणि गर्भपिशवी शाबूत राहते. सुरुवातीच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया पुरते. पुढच्या टप्प्यांत किरणोपचार आणि केमोथेरपी लागते. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळतात.

खरा धोका पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात पडून राहण्याचा असतो. भातलावणी होऊ दे, गणपती होऊ देत, मुलीचे लग्न होऊ दे, असे करत वर्ष निघून जाते. घरच्यांनी तारीख ठरवून सोबत जावे.

त्वचेवरच्या चामखिळीचा याच्याशी संबंध आहे का?

हातापायावरच्या चामखिळीही एचपीव्हीमुळेच होतात, पण त्या वेगळ्या प्रकारांमुळे. त्यांच्यापासून गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही.

त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे कमी आढळतो, पण त्याची एक खास देशी नोंद आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४० च्या दशकात धोतर घट्ट नेसल्याने कंबरेवर होणाऱ्या कॅन्सरचे वर्णन केले. पुढे परकराच्या नाडीच्या जागी तसाच कॅन्सर स्त्रियांतही नोंदला गेला. वर्षानुवर्षे घासून काळी पडलेली, सोलवटलेली जागा, त्यात घाम आणि खाज, असे त्याचे मूळ असते. नाडी सैल किंवा रुंद पट्टीची वापरा आणि बांधण्याची जागा बदलत राहा. कंबरेवरची, जुन्या भाजल्याच्या व्रणावरची किंवा तळपायावरची जखम महिनाभरात भरली नाही, तीळ वाढू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर दाखवून घ्या.

लस कोणी घ्यावी?

शरीरसंबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात लसीचा सर्वाधिक फायदा होतो. बार्शी आणि पुण्यासह देशातल्या नऊ ठिकाणी झालेल्या अभ्यासात एका डोसनेही १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून दोन-तीन डोसइतकेच चांगले संरक्षण मिळाल्याचे दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एका डोसचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२३ मध्ये आली. लसीने वंध्यत्व येत नाही. लस घेतली तरी वयाच्या तिशीनंतर तपासणी करावीच लागते, कारण सर्व प्रकारांपासून संरक्षण मिळत नाही.

तुम्ही काय कराल?

* वय ३० ते ६५ असेल आणि कधीच तपासणी झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. सरकारी कार्यक्रमात या वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवली आहे.
* परवडत असेल तर एचपीव्ही चाचणी निवडा. ती निगेटिव्ह असेल तर पुढची पाच ते दहा वर्षांनी.
* एचआयव्ही असेल तर तपासणी कमी वयात सुरू करा आणि अधिक वेळा करा.
* कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असली तरी तपासणी लागते. गर्भपिशवी काढली असेल तर तोंडही काढले आहे का आणि कशासाठी काढले, हे कागद दाखवून डॉक्टरांना विचारा.

गावातल्या आशाताईंना किंवा गव्हाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस विचारा. पुढची तपासणी लागली तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एकटीला संकोच वाटत असेल तर जाऊबाई, नणंद, शेजारीण अशा तिघी-चौघी मिळून जा. सासूबाईंनाही सोबत घ्या, त्यांचीही तपासणी बहुधा राहिलेलीच असते.

(हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःच्या तक्रारीसाठी प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटा.)