कांदा चाळीतील तापमान व आर्द्रतेच्या नोंदी : संगणकावर विश्लेषण आणि आलेख



नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. पालखेड डाव्या कालव्याच्या शेपटाकडील हा भाग असल्याने पाण्याची शाश्वती कमी असते. अशा परिस्थितीत विहिरीच्या पाण्यावर पिकविलेला उन्हाळ कांदा हेच अनेक कुटुंबांचे वर्षाचे मुख्य उत्पन्न आहे. मार्च ते मे महिन्यात काढलेला हा कांदा चाळीत भरून पुढे दिवाळीच्या सुमारापर्यंत टप्प्याटप्प्याने विकला जातो. भाव वाढेल या आशेने थांबावे, तर चाळीत कांदा सडतो. घाईने विकावे, तर भाव हातचा जातो.

हा हिशेब प्रथम पाहू. समजा, चाळीत १०० क्विंटल कांदा भरला असून आजचा भाव क्विंटलला १५०० रुपये आहे. म्हणजे आज विकल्यास १ लाख ५० हजार रुपये येतील. दोन महिने थांबल्यावर भाव १९०० झाला, परंतु सड, कोंब व वजनातील घट मिळून ३० टक्के नुकसान झाले, तर ७० क्विंटलचे १ लाख ३३ हजारच मिळतील. भाव वाढूनही १७ हजारांचा तोटा होईल. ३० टक्के घट भरून निघण्यासाठी भाव किमान २१४३ रुपये व्हावा लागतो. म्हणून बाजारभावाइतकेच चाळीच्या आत काय चालले आहे, यावर लक्ष असणे आवश्यक आहे.

चाळीतील तापमान व आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी आपोआप नोंदविणारी छोटी उपकरणे, म्हणजेच डेटा लॉगर, आता सहज मिळतात. अनेक शेतकऱ्यांच्या मुलांनी ती घरी जोडूनही घेतली आहेत. परंतु नोंदी कार्डावर साठत राहतात आणि त्यांचा उपयोग होत नाही, असे दिसून येते. या नोंदी संगणकावर कशा तपासाव्यात, त्यांचा आलेख कसा काढावा व त्यावरून निर्णय कसा घ्यावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

नोंदी कशासाठी?

साध्या नैसर्गिक वायुवीजनाच्या चाळीत कांदा टिकण्यासाठी साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. तापमान यापेक्षा फार वाढल्यास कांद्यातील पाणी उडून वजन घटते. आर्द्रता वाढल्यास सड व काजळी वाढते. हंगामाच्या शेवटी हवा थंड व दमट झाली की कोंब येऊ लागतात. म्हणजेच नुकसानीचे तीन प्रकार असून तिन्हींचा संबंध या दोन आकड्यांशी आहे.

दर पंधरा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला ९६ नोंदी होतात. १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांत ११ हजार ७१२ नोंदी जमतात. एवढे आकडे वहीत वाचून काही कळत नाही. त्यासाठी संगणकाची मदत घ्यावी लागते.

कोणती संगणक प्रणाली वापरावी?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत मॅटलॅब ही प्रणाली शिकविली जाते, परंतु तिच्या परवान्यासाठी पैसे मोजावे लागतात. तिच्याशी बऱ्याच अंशी मिळतीजुळती व पूर्णपणे मोफत असलेली प्रणाली म्हणजे जीएनयू ऑक्टेव्ह. रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गणिते सोडविता यावीत म्हणून जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये तिचे काम सुरू केले व १९९४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ऑक्टेव्ह हे नाव त्यांच्या प्राध्यापकांच्या, ऑक्टेव्ह लेव्हेन्स्पील यांच्या, नावावरून दिले आहे. ती विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते व साध्या, जुन्या संगणकावरही आपले काम भागते.

या प्रणालीचे वैशिष्ट्य असे की, ती एकेका आकड्याऐवजी संपूर्ण स्तंभावर एकदम काम करते. अकरा हजार नोंदींपैकी ७५ च्या वरच्या किती, हे एका ओळीत विचारता येते. पुढे आज्ञांचे उच्चार दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

नोंदी घेताना घ्यावयाची काळजी

१) सेन्सरची जागा : एक सेन्सर चाळीच्या मध्यभागी ढिगाच्या आत, दुसरा ढिगाच्या वर मोकळ्या हवेत व तिसरा चाळीबाहेर सावलीत ठेवावा. बाहेरची नोंद नसेल तर दोष चाळीचा की हवेचा, हे समजत नाही.

२) मिठाची चाचणी : आर्द्रतेचा सेन्सर खरा सांगतो का, हे घरीच तपासता येते. झाकणाच्या बरणीत जाड मीठ घेऊन त्यात ते पूर्ण विरघळणार नाही इतकेच पाणी घालावे. सेन्सर मिठाला न लागेल असा वर टांगून बरणी घट्ट बंद करावी व रात्रभर सावलीत ठेवावी. नेहमीच्या तापमानात बरणीतील हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्के होते. सेन्सर ८० दाखवीत असेल, तर या पातळीजवळ तो ५ ने जास्त सांगतो असे समजून तेवढे वजा करावे.

३) तारीख : वर्ष, महिना, दिवस, तास व मिनिट हे पाच वेगवेगळ्या स्तंभांत नोंदवावेत. ०७/०८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै, हा घोळ त्यामुळे मुळातच टळतो.

४) वही : पाऊस, ताडपत्री बांधणे-सोडणे, कांदा निवडणे व विक्री यांची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. आलेखातील चढउतारांचा अर्थ या वहीशिवाय लागत नाही.

आधी नोंदी साफ कराव्यात

येथे मी स्वतः केलेली चूक सांगणे उचित ठरेल. येवल्याच्या पूर्वेकडील एका गावातील शेतकऱ्याच्या चाळीत आम्ही लॉगर बसविला होता. महिनाभराच्या नोंदी आणून मी थेट दररोजची सरासरी काढली. जुलैतील काही दिवस सरासरी ३१-३२ अंश दिसली. चाळ तापते आहे, तेव्हा कांदा लवकर काढून विकावा, असा सल्ला मी दिला. त्यावर ते म्हणाले, “सर, मी रोज ढिगात हात घालून बघतो. एवढी ऊब तिथं नाही. तुमचा आकडा एकदा परत बघा.”

परत पाहिले तेव्हा २८ अंशांच्या नोंदींमध्ये अधूनमधून ८५ अंश असा आकडा आढळला. बाजारात सर्रास मिळणाऱ्या काही डिजिटल सेन्सरचा असा गुणधर्म आहे की, वीज जाऊन परत आल्यावर तापमान मोजून होण्यापूर्वीच वाचन झाल्यास ते ८५ हा ठरावीक आकडा देतात. तार सुटल्यास उणे १२७ असाही आकडा येतो. दिवसाच्या ९६ नोंदींपैकी ९० नोंदी २८ अंशांच्या व केवळ ६ नोंदी ८५ च्या असल्या, तरी सरासरी ३१.६ होते. वीज सहा वेळा गेली, एवढाच त्याचा अर्थ होता. माझ्या सल्ल्याने त्यांनी कांदा विकला असता, तर नुकसान त्यांचे झाले असते. तेव्हापासून पुढील क्रम आम्ही कटाक्षाने पाळतो.

१) ‘सीएसव्हीरीड’ या आज्ञेने फाइल वाचावी व मथळ्याची पहिली ओळ वगळावी. फाइलमधील रिकाम्या जागी ही आज्ञा शून्य भरते, हे लक्षात ठेवावे. चाळीत आर्द्रता शून्य कधीच नसते. तो आकडा म्हणजे हरवलेली नोंद होय.

२) अशक्य आकडे, म्हणजे ५० अंशांवरील व ५ अंशांखालील तापमान तसेच शून्य किंवा १०० वरील आर्द्रता, यांच्या जागी ‘नॅन’ लिहावे. ‘नॅन’ म्हणजे “येथे आकडा नाही” अशी खूण. अंदाजाने आकडा भरू नये.

३) ‘नॅन’ असलेल्या स्तंभाची सरासरीही ‘नॅन’च येते. म्हणून ‘इजनॅन’ या आज्ञेने त्या जागा वगळूनच सरासरी काढावी.

४) सरासरीसोबत ‘मीडियन’ म्हणजे मध्यकही काढावा. वरील उदाहरणात सरासरी ३१.६ असली तरी मध्यक २८ च राहतो. दोहोंत मोठा फरक दिसला की मूळ नोंदी उघडून पाहाव्यात.

वेळेची मांडणी

‘डेटनम’ ही आज्ञा तारीख व वेळ मिळून एकच आकडा तयार करते. त्यात एक दिवस म्हणजे १, म्हणून पंधरा मिनिटे म्हणजे १ भागिले ९६. हंगामाच्या पहिल्या मध्यरात्रीपासूनचे अंतर ९६ ने गुणून पूर्णांकात घेतले व त्यात १ मिळविला की त्या नोंदीचा क्रमांक मिळतो. आधी सर्व जागा ‘नॅन’ने भरलेला ११ हजार ७१२ ओळींचा स्तंभ तयार करून प्रत्येक नोंद तिच्या क्रमांकावर बसवावी. म्हणजे मधल्या हरवलेल्या नोंदींमुळे पुढचे दिवस सरकत नाहीत.

त्यानंतर ‘रीशेप’ या आज्ञेने हा स्तंभ ९६ ओळी व १२२ स्तंभ अशा तक्त्यात घडी घालावा. आता प्रत्येक स्तंभ म्हणजे एक दिवस व प्रत्येक ओळ म्हणजे दिवसातील एक ठरावीक वेळ होते.

सरासरीपेक्षा ओलसर तास मोजावेत

समजा, एका दिवशी आर्द्रता दिवसभर ६८ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. दुसऱ्या दिवशी बारा तास ५५ व बारा तास ८५ टक्के होती. दोन्ही दिवसांची सरासरी ७० च येते. परंतु बुरशीच्या दृष्टीने दुसऱ्या दिवशीचे बारा तास धोक्याचे आहेत. म्हणून दररोज ७५ टक्क्यांवरील नोंदी मोजून त्यांना ४ ने भागावे. भागाकार म्हणजे त्या दिवसाचे ओलसर तास. वरील दोन दिवसांसाठी तो अनुक्रमे ० व १२ येईल. ज्या दिवशी बऱ्याच नोंदी हरवल्या असतील, त्या दिवसाचे तास ग्राह्य धरू नयेत.

दवबिंदू हाही उपयुक्त आकडा आहे. तापमान ‘त’ व आर्द्रता ‘आ’ असल्यास प्रथम ग = लॉग(आ ÷ १००) + १७.६२ × त ÷ (२४३.१२ + त) काढावे. दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग). ऑक्टेव्हमध्ये ‘लॉग’ हा नैसर्गिक लॉगच असतो. पूर्ण स्तंभावर सूत्र वापरताना गुणाकार व भागाकाराच्या चिन्हाआधी टिंब द्यावे. हवा २७ अंश व आर्द्रता ८५ टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २४.३ अंश येतो. त्या वेळी ढिगातील कांदा २४ अंशांवर असेल, तर बाहेरची हवा लागताच त्याला घाम सुटल्यासारखी ओल धरते.

आलेख कसा काढावा?

‘सबप्लॉट’ने पानाचे दोन भाग करावेत. ‘प्लॉट’ने वरच्या भागात तापमान व खालच्या भागात आर्द्रता काढावी. तापमानाला ३० वर व आर्द्रतेला ७० वर आडवी रेघ ओढावी. ‘डेटटिक’ने खाली तारखा येतात. दोन्ही अक्षांवर एकक अवश्य लिहावे व वहीतील पावसाच्या तारखांना उभ्या खुणा कराव्यात. ‘नॅन’च्या जागी रेघ तुटते, ती जोडू नये, कारण तेथे खरोखरच नोंद नाही.

दुसरा आलेख ‘इमेजएससी’ या आज्ञेने काढावा. आधी घडी घातलेला तक्ता दिला की संपूर्ण हंगाम एका रंगीत चित्रात दिसतो. आडवे दिवस, उभे तास व रंग म्हणजे आर्द्रता. पहाटेचा पट्टा रोजच ओला दिसला तर तो हवेचा स्वभाव समजावा. दुपारीही ओला रंग टिकून असेल व बाहेरचा सेन्सर त्याच वेळी कोरडा असेल, तर चाळीत हवा खेळत नाही असे समजावे.

आलेखावरून निर्णय

• आतील आर्द्रता दुपारीही बाहेरपेक्षा सतत जास्त असल्यास : पाऊस नसताना बाजूच्या ताडपत्र्या सोडाव्यात, चाळीखालची हवेची जागा मोकळी करावी.

• ढिगातील तापमान वरच्या हवेपेक्षा रोज वाढतच गेल्यास : ढीग जाड झाला आहे किंवा आत सड सुरू झाली आहे, अशी शंका घ्यावी. तो कप्पा उघडून सडलेला कांदा निवडून काढावा.

• एका कप्प्यात ओलसर तास लागोपाठ जास्त येत असल्यास : तो कप्पा विक्रीसाठी आधी काढावा.

यासोबत १० किलो कांद्याची जाळीची पिशवी ढिगात ठेवून दर पंधरा दिवसांनी वजन करावे व ते आलेखात ठिपक्यांनी दाखवावे. ठिपक्यांची रेघ पुढे वाढवून दोन महिन्यांनंतरचे वजन मात्र काढू नये. सड सरळ रेषेत वाढत नाही. एका ओल्या आठवड्यात ती झपाट्याने पसरते. ताज्या घटीवरून लेखाच्या सुरुवातीचा हिशेब दर पंधरवड्याला पुन्हा करावा. आजचा भाव भागिले शिल्लक राहणारा हिस्सा, म्हणजे थांबण्यासाठी लागणारा किमान भाव.

शेवटी एक सूचना. आलेख व हाताचा अनुभव जुळत नसेल, तर आधी आलेख तपासावा आणि मग चाळही उघडून पाहावी. या हंगामात एकाच चाळीपासून सुरुवात करावी, घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना या कामात घ्यावे व आलेख घेऊन जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या पिंपळगाव बसवंत येथील कांदा संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांशी चर्चा करावी. मूळ नोंदींची फाइल मात्र कधीही पुसू नये. साफसफाई नेहमी तिच्या प्रतीवरच करावी.