दुपारच्या जेवणाला विमानाने: धुळे ते चिकलठाणा

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. जेवायला विमानाने जायचं? खुलताबादहून संभाजीनगरला जेवायला जायचं तर आपण एसटी नाहीतर मोटारसायकल काढतो. पण अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांमध्ये 'शंभर डॉलरचा बर्गर' असा एक शब्द रूढ आहे. छोटं विमान काढायचं, तासाभराच्या अंतरावर उतरायचं, खायचं आणि परत यायचं. बर्गरचे पैसे थोडे, बाकी सगळे इंधनाचे आणि विमानाच्या भाड्याचे.

हे नुसते श्रीमंतांचे चोचले नाहीत. विमान चालवणं ही हाताला बसलेली सवय असते, आणि महिनोन्महिने उडवलं नाही तर ती सुटते. शिकणाऱ्यांना तर असा प्रवास करावाच लागतो. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 556 किलोमीटरचा, एक प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर करायचा असतो, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. जेवण हे निमित्त, खरा उद्देश अनोळखी धावपट्टीवर उतरण्याचा सराव.

आता आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, तिथे वैमानिक घडवले जातात. समजा, तिथून चार आसनी सेसना 172 निघालं. चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत साधारण 130 किलोमीटर. वाट आपल्या ओळखीचीच आहे: चाळीसगाव, मग कन्नडचा औट्रम घाट, मग डावीउजवीकडे थोडं सरकत वेरूळ-खुलताबादचा डोंगर आणि देवगिरीचा किल्ला. खाली बघून उडणारा वैमानिक रस्ते, घाट, तलाव यांच्या खुणा धरतो. चाळीस मिनिटांत पोहोचतो.

पण त्या चाळीस मिनिटांआधी बरंच काम असतं. हवामान बघायचं, उड्डाणाचा आराखडा दाखल करायचा, हवाई संरक्षणाची परवानगी घ्यायची. चिकलठाण्याला प्रवासी विमानं येतात-जातात, त्यामुळे नियंत्रण कक्ष सांगेल तेव्हाच उतरायचं. एअरबससारखं मोठं विमान नुकतंच उतरलं असेल तर त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. हलकं विमान त्यात उलटंपालटं होऊ शकतं, म्हणून मध्ये तीन मिनिटांचं अंतर ठेवायचा नियम आहे.

इंधनाची गोष्ट वेगळीच. मोठी विमानं ज्या एटीएफवर चालतात ते एक प्रकारचं शुद्ध रॉकेल. छोट्या पिस्टन इंजिनाला मात्र एव्हीगॅस लागतं आणि ते सगळीकडे मिळत नाही. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, तेव्हा वाटेत अहमदाबादला इंधन बैलगाडीतून आलं होतं! आज बैलगाडी नाही, पण प्रश्न तोच आहे: परतीचं इंधन आहे का? मग निघतानाच जाण्यायेण्याचं आणि वर राखीव असं भरून घ्यायचं. म्हणजे वजन वाढलं. आसनं चार आहेत म्हणून टाकी भरून चौघं बसवता येतीलच असं नाही.

उतरलो, विमान बांधून ठेवलं, शहरात जाऊन नान-खलिया खाल्ला. दुपारचे दोन वाजले. एप्रिल-मे आहे, पारा 40 वर. आता खरी परीक्षा.

तापलेली हवा पसरते, विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याची ओढ कमी होते आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर, म्हणजे 1,900 फुटांवर आहे. पण 40 अंशांत तिथली हवा साधारण 5,300 फुटांवर असावी इतकी विरळ होते. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. सकाळी 25 अंशांना हाच आकडा 3,600 च्या आसपास असतो. विमान तेच, धावपट्टी तीच, फक्त घड्याळ पुढे सरकलं.

कुणी म्हणेल, चिकलठाण्याची धावपट्टी तर जेट विमानांसाठी बांधलेली, लांबीला काय कमी? बरोबर आहे. जमीन सुटेलच. अडचण त्यानंतर आहे. विमान रेंगाळत वर चढतं आणि समोर आपलेच डोंगर आहेत. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर. तापलेल्या काळ्या कातळावरून उठणारी हवा विमानाला एका जागी वर फेकते, पुढच्याच जागी खाली ओढते. त्यात मान्सूनपूर्व ढग घाटावर जमले तर खुणा बघत उडणाऱ्याची वाटच बंद.

मग करायचं काय? सकाळी लवकर जाऊन न्याहारी करून परत यायचं, किंवा ऊन उतरेपर्यंत थांबायचं. थांबलं तर दिवस मावळायची घाई. नुसतं डोळ्यांनी बघून उडायचं असेल तर सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपुढे उडायला परवानगी नाही. म्हणून निघायच्या आधी, धुळ्यातच, ठरवून टाकायचं की अमुक वाजेपर्यंत हवा निवळली नाही तर मुक्काम.

हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो. घरी सांगून आलेलो असतो, विमान परत द्यायचं असतं, सोबतच्या मित्राला सकाळी कामावर जायचं असतं. 'अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे' असं मन म्हणतं. छोट्या विमानांच्या कितीतरी अपघातांच्या मुळाशी ही घरी पोहोचायची ओढच असते. तेव्हा जेवायला जाताना इंधनाचा हिशेब करा, वजनाचा करा, आणि पिशवीत एक जादा सदरा, टूथब्रश टाका. ज्याची रात्री राहायची तयारी आहे, तोच दुपारी निवांत जेवू शकतो.

आता प्रश्न असतील तर विचारा.