डिझेलमधले पाणी

गोंदिया जिल्ह्यातला डिसेंबर म्हणजे धानाचा आणि कडाक्याच्या थंडीचा महिना. विदर्भातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात बहुतेक वेळा आमच्या गोंदियाचे नाव असते. अशाच एका पहाटे चार वाजता मी माझ्या पुतण्याच्या पिकअप गाडीत त्याच्या शेजारी कानाला मफलर गुंडाळून बसलो होतो. आमचे गाव आमगाव-देवरी रस्त्यालगतचे. मागे धानाचे पस्तीस कट्टे. चाळीस किलोचा एक कट्टा धरला तर चौदाशे किलो माल. त्यातले बारा कट्टे आमचे, बाकीचे दोघा शेजाऱ्यांचे. आधारभूत खरेदी केंद्रावर त्या दिवशी आमचा नंबर होता, म्हणून उजाडण्याआधी निघालो होतो.

गावापासून सहा-सात किलोमीटरवर गाडीने एक हिसका दिला, मग दुसरा. चढावर वेग कमी होत गेला आणि इंजिन शांत झाले. पुतण्याने चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही घेईना. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला होता. "हा दिवा कसला रे?" मी विचारले. "दोन दिवसांपासून लागून राहिला मोठेबाबा. सेन्सरचा असंल," तो म्हणाला.

तो दिवा कसला होता, हे समजायला आम्हाला पुढे बेचाळीस हजार रुपये मोजावे लागले.

दुपारी एका ट्रॅक्टरने गाडी ओढून आणली. नंबर गेला. पुढचा नंबर आठ दिवसांनी मिळाला. शेजाऱ्यांपैकी एकाला धानाच्या पैशातून सोसायटीचे कर्ज भरायचे होते. तो तोंडाने काही बोलला नाही, पण रस्त्यात मला पाहून दोन दिवस नमस्कार करायचा विसरला. खेड्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मिस्त्रींची बाटली

गाडी गोंदियाला बालाघाट रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे नेली. वय साठीचे, पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. आधी गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत डिझेल धरले. बाटली खिडकीत ठेवली. चहा मागवला. चहा होईपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते. वर फिकट पिवळा आणि खाली पाण्यासारखा. पाण्यासारखा कसला, पाणीच ते! तळाशी तांबूस गाळ.

"गुरुजी, इंजिन नाही बिघडलं जी. डिझल बिघडलं," मिस्त्री म्हणाले आणि पुतण्याकडे वळले. "कुठं ड्रमातलं टाकलं होतं काय?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही. पंपावरचेच आहे." पुतण्याने मान खाली घातली.

वाचकहो, छत्तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेला माणूस हे बोलला. खरे असे होते की चार दिवसांपूर्वी मीच त्याला म्हटले होते, "पंपावर कशाला जातोस? घरच्या ड्रममध्ये आहे तेवढे घाल. उगाच पडून आहे." ते डिझेल मी मे महिन्यात, रोवणीच्या चिखलणीसाठी आणून ठेवले होते. पाऊस वेळेवर आला, ट्रॅक्टर भाड्याचा मिळाला आणि ड्रम गोठ्याच्या कवेलूंच्या पागोळ्यांखाली उभाच राहिला.

जुन्या इंजिनाची माया

माझा असा समज का होता, तेही सांगायला हवे. आमच्या विहिरीवर वडिलांचे पाच हॉर्सपॉवरचे ऑइल इंजिन होते. वडील त्यात डिझेल ओतताना नरसाळ्यावर जुन्या धोतराची चौपदरी घडी धरत. फडक्यावर उरलेला कचरा झटकत आणि म्हणत, "आता आरशासारखं झालं." ते इंजिन तीस वर्षे चालले. महाराष्ट्रातल्या शेतीचे दोन-तीन पिढ्यांचे पाणी अशाच इंजिनांनी उपसले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची, आणि डिझेल पंप बनवणारी बंगलोरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ सालची. तिचे 'मायको' हे नाव २००८ मध्ये 'बॉश' असे बदलले, तरी आमचे मिस्त्री आजही मायकोच म्हणतात.

मूळ डिझेल इंजिन खरोखरच मायाळू होते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला १८९३ साली त्याचे पेटंट मिळाले. १८९७ मध्ये त्याचे इंजिन आउग्सबुर्गमध्ये नीट चालू लागले. सुरुवातीला तर कोळशाची भुकटी जाळण्याचाही विचार त्याच्या मनात होता, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. मिळेल ते खाऊन राबणारा बैलच तो!

पण पुतण्याच्या पिकअपमधले इंजिन त्या बैलाचे फक्त नाव लावते. जुन्या शेतीपंपाच्या इंजिनाचे नोझल साधारण दोनशे बार दाबाला उघडायचे. मोटारीच्या चाकातली हवा दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज यावा. नव्या गाडीत 'कॉमन रेल' असते. एका जाड नळीत डिझेल सोळाशे बार किंवा त्याहूनही जास्त दाबाने सतत भरून ठेवलेले असते आणि विजेच्या इशाऱ्यावर इंजेक्टर क्षणाच्या हजाराव्या हिश्शात उघडतात नि मिटतात. १९९७ पासून हे तंत्र मोटारींत आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. धूर कमी झाला, मायलेज वाढले. आणि क्षमा करण्याचा गुण गेला.

मिस्त्रींनी एक खराब इंजेक्टर उघडून माझ्या तळहातावर ठेवला. आतल्या दांड्यात आणि तिच्या घरात फट किती, तर दोन-चार मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. चाळीस मायक्रॉनपेक्षा बारीक कण डोळ्याला दिसतच नाही. म्हणजे वडिलांचे धोतर आणि माझा डोळा ज्याला आरसा म्हणत होते, ते या इंजिनाच्या लेखी वाळूचा ट्रक होते! त्यात जुन्या फडक्याचे तंतू मिळायचे ते वेगळेच.

पाण्याची गोष्ट त्याहून वाईट. या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेलच त्याचे वंगण. त्याच्या जागी पाणी आले की धातूवर धातू घासतो. इंजेक्टरच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होते आणि टोक खराब होते. गंज चढतो तो निराळा. शिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा काळा चिकट गाळ गाळणी बुजवतो. अर्थात, पाणी औषधालाही नसावे असे कुणी म्हणत नाही. बीएस-६ डिझेलच्या भारतीय मानकात एका किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी आणि २४ मिलिग्रॅमपर्यंत घनकण चालतात. साठ लिटरच्या टाकीत जेमतेम पन्नास किलो डिझेल मावते. म्हणजे अगदी नियमात बसणाऱ्या भरल्या टाकीतही दहा ग्रॅम, चहाचे दोन चमचे पाणी असू शकते. ते पकडायचे काम गाळणीचे. पण तिने दोन चमचे पकडायचे की तांब्याभर?

दुसरी गाळणी

दोन इंजेक्टर बदलावे लागले, पंप खोलावा लागला, टाकी उतरवून धुवावी लागली. तो बेचाळीस हजारांचा हिशेब. गाडीचा त्या महिन्याचा हप्ता थकला. पुतण्या म्हणाला, "मिस्त्री, पुन्हा असं होऊ नये असं काही करा." मिस्त्रींनी जे केले ते इथे नीट सांगतो, कारण ज्यांचे पोट पिकअपवर आहे असे कितीतरी लोक आमच्या भागात आहेत.

त्यांनी टाकी आणि कंपनीची मूळ गाळणी यांच्यामध्ये आणखी एक गाळणी बसवली. तिच्या तळाला पारदर्शक वाटी. डिझेल पाण्याहून हलके, लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणून पाणी वाटीत खाली बसते आणि बाहेरून दिसते. वाटीच्या तळाला तोटी. पुतण्याला वाटले होते की सगळ्यात बारीक गाळणी आणली म्हणजे झाले. मिस्त्री हसले. "चाळणी पहिले मोठी, मंग बारीक. घरी पीठ कसं चाळता?" टाकीजवळ अतिबारीक गाळणी लावली तर ती लवकर बुजते, पंपाला डिझेल ओढावे लागते आणि चढावर गाडी पुन्हा उपाशी राहते. म्हणून पहिली गाळणी जाड पण आकाराने मोठी, इंजिनाला लागणारा प्रवाह सहज देणारी. बारीक काम मूळ गाळणीचे, आणि ती कंपनीचीच. हुबेहूब दिसणाऱ्या नकली गाळण्या बाजारात मिळतात. आतला कागद काय आहे हे डब्यावरून कळत नाही.

जागा त्यांनी चासीच्या आतल्या बाजूला निवडली. सायलेन्सरपासून लांब, दगड लागणार नाही अशी, तरी हात सहज पोचेल अशी. "हात नाही पोचला तर तोटी कोण उघडते?" हे त्यांचे म्हणणे. नळी डिझेलला टिकणाऱ्या रबराची, प्रत्येक जोडाला क्लँप. टाकी ते पंप हा ओढीचा रस्ता असतो. तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी दिसते आणि गाडी मात्र हवा धरते. कितीतरी गाड्या याच कारणाने गॅरेजच्या फेऱ्या मारत असतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी पुतण्याकडून वदवून घेतली. नवी मुख्य गाळणी बसवताना ती कॅनमधल्या डिझेलने भरायची नाही. तसे भरलेले डिझेल गाळलेल्या बाजूला जाऊ शकते आणि सरळ इंजेक्टरपर्यंत पोचते. गाळणी कोरडी बसवायची आणि हाताच्या प्रायमरने भरायची. गाडी वॉरंटीत असेल तर असा जोड करण्याआधी विक्रेत्याला विचारून लेखी घ्यायचे. आमची वॉरंटी संपली होती, म्हणून तो प्रश्न आला नाही.

शेवटी मिस्त्रींनी त्या पिवळ्या दिव्यावर बोट ठेवले. गाळणीत पाणी साचल्याचा तो दिवा. गाडी दोन दिवस बोंबलून सांगत होती. पाच मिनिटांत पाणी काढले असते आणि टाकी रिकामी केली असती, तर बेचाळीस हजार वाचले असते.

ड्रम आणि मी

घरी आल्यावर मी एकटाच गोठ्याकडे गेलो. ड्रम तिरपा केला, तळाचे डिझेल काचेच्या बरणीत घेतले. अर्धी बरणी पाणी निघाले.

बूच घट्ट असताना पाणी आत गेले कसे? पुढे मिस्त्रींनीच ते समजावले. उभ्या ड्रमच्या डोक्यावर काठामुळे पावसाचे पाणी साचते. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. रात्री गार झाला की तो श्वास आत घेतो, आणि हवेऐवजी डोक्यावरचे पाणी ओढतो. रोज थेंब-थेंब, चार महिने. ड्रम ठेवायचाच तर छपराखाली, आडवा, दोन्ही बुचे एका रेषेत आणि तेलाच्या पातळीखाली येतील असा ठेवावा.

पण हे मला समजले तोवर गावात वेगळेच ठरले होते. मी 'पंपावरचेच' म्हणालो होतो ना! त्या रस्त्यावरच्या पंपाचे डिझेल खराब, ही बातमी आठ दिवसांत चार गावांत गेली. दोघांनी तिथे डिझेल घेणे बंद केले. पंपावर ग्राहकाला घनता मोजून मागता येते, पाच लिटरच्या मापाने मोजून घेता येते. शंका असेल तर तिथेच विचारता येते. आम्ही कुणी विचारले नव्हते. एका मास्तराच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास बसला. पुतण्याला सगळे ठाऊक होते. तो पंधरा दिवस गप्प राहिला. मोठेबाबांना खोटे पाडायचे नाही म्हणून त्याने बेचाळीस हजार आणि थकलेला हप्ता, दोन्ही अंगावर घेतले.

एका संध्याकाळी पारावर पंपाचा विषय निघाला तेव्हा मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "पंपाचा दोष नाही. ड्रम माझा, डिझेल माझे, आणि मिस्त्रींपुढे खोटे बोललो तोही मीच." क्षणभर कुणी बोलले नाही. मग तो कर्जवाला शेजारी म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी पण उभाच ड्रम आहे जी." आणि उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ड्रम छपराखाली आडवा दिसला.

बिलाचे अर्धे पैसे मी पेन्शनमधून पुतण्याला दिले. तो घेत नव्हता. मोठ्या आईने रागावल्यावर घेतले.

आता तो रोज सकाळी गाडीखाली वाकतो, वाटीकडे बघतो आणि लागले तर तोटी उघडून बाटलीत धरतो. बहुतेक दिवशी काही निघत नाही. पावसाळ्यात एकदा बोटभर पाणी निघाले. ती बाटली त्याने मला आणून दाखवली, काही न बोलता खिडकीत ठेवली आणि गाडी काढून निघून गेला. वडिलांचे धोतर मी जपून ठेवले आहे. आता त्याने गाडीची काच पुसतो.