गिलान-सेवा आणि अंतिम काळातील निवड

जरा, व्याधी आणि मरण कोणासही चुकलेले नाही, हे आपण धम्मप्रवचनांतून वारंवार ऐकतो. परंतु मरणाची अटळता मान्य करणे निराळे आणि मरणासन्न माणसाची योग्य शुश्रूषा करणे निराळे. आज अनेक घरांत असाध्य रोगाची वार्ता रुग्णाखेरीज सर्वांना ठाऊक असते. निर्णय मुले आणि डॉक्टर घेतात. ज्याचा देह, त्याचेच मत विचारले जात नाही. याविषयी धम्माची दृष्टी कोणती आणि कायद्याने कोणता मार्ग दिला आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पीडित भिक्खूचा प्रसंग आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्नान घातले, उचलून मंचकावर निजविले आणि रुग्णसेवा हे संघाचे कर्तव्य ठरविले. तेथेच उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे आपली व्यथा आहे तशी शुश्रूषकास सांगणे. अर्थात, रुग्ण हा केवळ सेवेचा विषय नाही. त्याचे बोलणे हा सेवेचाच भाग आहे.

अंगुत्तर निकायातील नकुलपित्याची कथाही मननीय आहे. तो गंभीर आजारी असता नकुलमातेने त्याच्या मनातील एकेक चिंता ओळखली. मी सूत कातून मुलांचे पोषण करीन, शील सोडणार नाही, धम्मावरील माझी श्रद्धा ढळणार नाही, असे आश्वासन तिने दिले. कारण चिंताग्रस्त मनाने येणारे मरण दुःखद असते. तिने मरणाचा विषय टाळला नाही. त्यातील भय काढून घेतले.

आधुनिक वैद्यकानेही हीच दिशा स्वीकारली आहे. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्नाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी समग्र असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतात 1986 साली मुंबईत शांती आवेदना सदन उभे राहिले. केरळात 1993 साली कालिकतला सुरू झालेल्या कार्यातून प्रशिक्षित स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सेवा करण्याची पद्धत विकसित झाली. उपशामक उपचार म्हणजे उपचार सोडणे नव्हे. रोग बरा होत नसला तरी वेदना, धाप, ओकारी आणि भय यांवर उपचार चालूच राहतात. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे ते मिळणे कठीण झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने नियम सुलभ केले. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत ते घेणे म्हणजे व्यसन नव्हे.

येथे उपासकांच्या मनात पहिल्या शीलाविषयी शंका येते. विनयातील तिसऱ्या पाराजिकेने मनुष्यहत्येचाच नव्हे, तर मरणाची प्रशंसा करून कोणास मरणास प्रवृत्त करण्याचाही निषेध केला आहे. तेव्हा प्राण घेण्याच्या हेतूने दिलेले इंजेक्शन शीलाच्या विरुद्धच होय. परंतु धम्मात कर्माचे मूळ चेतनेत आहे. बरे होण्याची आशा उरली नसता केवळ मरण लांबविणारे यंत्र नाकारणे आणि प्राणहरण करणे, यांत चेतनेचाच भेद आहे.

कायदाही हा भेद मानतो. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, मान्य केले. त्यावेळी ते न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावे लागे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने प्रक्रिया सोपी झाली. आता सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात लिहावयाची असतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. मुंबई महानगरपालिकेने असे अधिकारी नेमले आहेत. इच्छापत्र केव्हाही लेखी बदलता वा रद्द करता येते. रुग्ण स्वतः निर्णय सांगण्यास असमर्थ झाल्यावरच त्याचा विचार होतो आणि रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीशिवाय उपचार थांबविता येत नाहीत.

मात्र कागदापूर्वी संवाद हवा. घरी राहावयाचे की रुग्णालयात, व्हेंटिलेटर हवा की नको, अंतिम क्षणी जवळ कोण असावे, हे आई-वडिलांना त्यांची प्रकृती ठीक असतानाच विचारले पाहिजे. कोणास सर्व उपचार हवे असतील, तर त्याही इच्छेचा आदर केला पाहिजे. निवड याचा अर्थ तोच. अन्यथा अतिदक्षता विभागाच्या खर्चासाठी घर गहाण पडते आणि जाणारा माणूस आपल्या माणसांपासून दूर, नळ्यांच्या गुंत्यात जातो.

विहारांनी या कामी पुढाकार घ्यावा. वर्षावासातील प्रवचनमालेत एक दिवस या विषयास द्यावा. त्या दिवशी डॉक्टर व वकील यांना पाचारण करावे. आठवड्यातून काही तास रुग्णाजवळ बसू शकतील अशा उपासक-उपासिकांची नोंद ठेवावी. मरणोत्तर परित्राणपाठास आपण सर्व जमतो. त्यापूर्वीच, त्या माणसाला ऐकू येत असताना त्याच्या उशाशी बसून त्याचे म्हणणे ऐकणे, हीच खरी गिलान-सेवा होय.